‘साल ऱ्हाऊ द्या, म्यानिफोल दावा’: उद्यमनगरातल्या कारब्युरेटरवाल्या मामांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. कामाला पाचपैकी पाच. दराला चार. दिलेली तारीख पाळण्याला एक, तोही मामांच्या वयाकडे बघून. जुन्या पेट्रोल ट्रकचा किंवा पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन मोटारीचा कारब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, पिशवीत घालून जो कुणी दारोदार हिंडत असेल, त्याने एकदा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात या दुकानाची पायरी चढावी.

दुकानाला पाटी नाही. नेटवर नाव टाकायचं नाही अशी मामांची सक्त ताकीद आहे. “आधीच हात रिकामा न्हाई, त्यात पुण्या-मुंबईची मंडळी येऊन बसली तर मी जेवायचं कवा?” तेव्हा नावाचा आग्रह धरू नका. फाउंड्रीच्या गल्लीत शिरून ‘कारबेटरवाले मामा’ म्हणा, कुणीही बोट दाखवेल.

गाडी आमची शेवरलेटचा दीड टनी ट्रक. आरसी बुकावर साल १९४९. आजोबांनी गूळ वाहायला घेतला होता. त्या काळी जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. १९२८ ला सुरू झाला, १९५४ ला बंद पडला. सुटे भाग परदेशातून पेट्यांमधून यायचे, जुळणी शिवडीत व्हायची आणि मागची लाकडी बॉडी आपल्याकडचे सुतार बांधायचे. पुढे डिझेल स्वस्त पडतं म्हणून बहुतेकांनी असल्या ट्रकांची पेट्रोल इंजिनं उतरवून पर्किन्स पी-६ सारखी डिझेल इंजिनं चढवली. आमच्याकडे ते झालं नाही. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं, ट्रक तोवर वखारीत उभा करून टाकला होता एवढंच. आता तो शूटिंगला भाड्याने जातो आणि गणपतीत मंडळाची मूर्ती नेतो. दोन्हीकडे गाडी माणसाच्या चालीने चालवायची असते, त्यामुळे इंजिनाचं दुखणं बरीच वर्षं झाकून राहिलं.

दुखणं असं: सपाटीला ठीक, पण जोतिबाच्या चढाला लागला की दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा दम टाकायचा. ॲक्सिलरेटर दाबला की आधी गचका, मग नुसताच पोकळ घों आवाज. उभ्या गाडीचं इंजिनही एकसारखं चालायचं नाही, मध्येच मिसिंग मारायचं. प्लग काढले तर मधले, तीन आणि चार नंबरचे, काजळीने काळे. टोकाचे, एक आणि सहा नंबरचे, पांढरेफटक. एका गॅरेजने टायमिंग फिरवून दिलं. दुसऱ्याने पिस्टनच्या रिंगा गेल्यात म्हणून असं एस्टिमेट काढलं की त्यात एक बरी मोटारसायकल आली असती. कारब्युरेटर ज्यावर बसतो त्या बिडाच्या फाट्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मामांनी पहिलं तेच पाहिलं. मी नेहमीसारखं सांगायला लागलो: शेवरलेट, १९४९, इंजिन २१६. त्यांनी हात वर केला. “मालक, साल ऱ्हाऊ द्या. साल आरटीओला सांगायचं असतंय. म्यानिफोल दावा.”

हा रिव्ह्यू लिहायला बसलो तो खरं तर या वाक्यासाठी. कारब्युरेटर इंजिनाला बसत नाही, मॅनिफोल्डला बसतो, म्हणजे सिलिंडरांकडे फुटणाऱ्या त्या बिडाच्या फाट्याला. आणि पाऊणशे वर्षं वापरलेल्या ट्रकवर कुठल्या इंजिनाला कुणाचं मॅनिफोल्ड लावलेलं असेल, याचा कागदपत्रांशी काडीचा संबंध उरलेला नसतो. पार्ट विकणारे झाडून सगळे साल विचारतात, कारण त्यांच्या यादीत साल असतं.

इंजिनाची ओळख मामांनी दुकानाच्या दारातच, बोनेट उघडून, पटवून दिली. ती इथे देतो, कारण फुकटात मिळालेली आहे. शेवरलेटचं हे सहा सिलिंडरचं इंजिन १९२९ च्या मॉडेलपासून सुरू झालं. अमेरिकेत त्याला लाडाने ‘स्टोव्हबोल्ट’ म्हणतात. ट्रकवाल्याच्या गाठीला त्यातली तीन पडतात. २१६ घनइंचाचं (सगळ्या सिलिंडरांची मिळून तेवढी जागा), १९३७ ते १९५३. २३५ चं, जे १९४१ मध्ये आधी मोठ्या ट्रकांत आलं. आणि २६१ चं, १९५४ पासून, जड ट्रकांसाठी. लांबून बघाल तर तिन्ही एकच वाटतात. पण २१६ च्या बगलेतलं पत्र्याचं झाकण, ज्याच्या आत पुशरॉड, म्हणजे झडपा उघडणारे दांडे, असतात, ते उंच असतं, पार सिलिंडरांवर बसणाऱ्या हेडपर्यंत जातं. आणि वरच्या रॉकर कव्हरला मधोमध दोन नट असतात. १९५४ नंतरच्या २३५ ला बगलेतलं झाकण बुटकं, आणि रॉकर कव्हर कडेच्या चार स्क्रूंवर धरलेलं.

आमचं झाकण बुटकं निघालं.

मग मामांचा भाचा तारेचा ब्रश घेऊन खाली शिरला आणि स्टार्टरच्या मागच्या अंगाला ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर घासून काढला. त्याच्याजवळ तारीख ओतलेली असते: आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. आमच्याकडे शेवटी ५. बुटक्या झाकणाबरोबर तो ५ म्हणजे १९५५ च. १९४५ असूच शकत नाही. थोडक्यात, १९४९ च्या ट्रकमध्ये १९५५ चं २३५ इंजिन, बहुधा मुंबईत मोडीत निघालेल्या एखाद्या मोटारीचं. वडिलांना यातलं काही आठवत नाही, आणि आजोबा सांगायला राहिलेले नाहीत. आरसी बुकावर इंजिन नंबर कुणाचा चढलाय हा विषय मी घरात काढलेला नाही.

तशी ही खुशखबरच. २१६ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या टोकाला बेअरिंगच्या जागी व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातू, ओतलेलं असतं आणि तेल डब्यांतून उडवून पोचवलं जातं. १९५४ पासूनच्या २३५ ला बेअरिंग बदलता येतात आणि तेल दाबाने जातं. मामा म्हणाले, “इंजिन एक नंबर हाय. अंगावर सदरा दुसऱ्याचा घातलाय.”

तो सदरा म्हणजे मॅनिफोल्ड. ते जुनंच, २१६ चं, राहिलं होतं. इंजिन बदलणाऱ्याने एक्झॉस्टचा पाइप आणि ॲक्सिलरेटरची जोडणी पुन्हा करायला नको म्हणून तसंच चढवलं असणार. बोल्टांना बोल्ट लागतात, वरवर काही कळत नाही. कळलं ते खोलल्यावर.

या इंजिनात इनटेक (मिश्रण आत नेणारं) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारं) या दोन वेगळ्या बिडाच्या ओतीव वस्तू असतात, मध्यभागी एकमेकींना बोल्टांनी आवळलेल्या, म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेने वरचं मिश्रण गरम व्हावं. इनटेकला तीन तोंडं, प्रत्येक तोंड दोन सिलिंडरांना पाजणारं. एक्झॉस्टला चार. इनटेकच्या प्रत्येक तोंडाशी, हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये, एक पातळ पोलादी रिंग असते. अर्धी हेडच्या खळग्यात, अर्धी मॅनिफोल्डच्या. तिचं काम एवढंच की दोन्ही भोकं समोरासमोर यावीत. मामांनी आमची रिंग उचलली, हेडच्या खळग्यात ठेवली आणि करंगळीने हलवली. ती खुळखुळली. व्हर्निअर लावून दोन्ही मापं खडूने पत्र्यावर लिहिली आणि माझ्याकडे बघत बसले, जणू गणित मीच सोडवायचं होतं.

सुटलं मात्र. रिंग लहान तोंडाच्या मॅनिफोल्डची, खळगा मोठ्या तोंडाच्या हेडचा. म्हणजे मॅनिफोल्डला जागेवर धरणारं कुणीच नव्हतं. ते आपलं बोल्टांवर लोंबकळत जरा खाली उतरून बसलं होतं. पॅकिंगची वरची कड उघडी पडून तिथून हवा आत ओढली जात होती, आणि तीही टोकाच्या तोंडांशी जास्त. एक आणि सहा नंबरचे प्लग पांढरे का, तर त्यांना पेट्रोलपेक्षा हवाच जास्त मिळत होती. कुणीतरी कधीतरी त्यावर लाल सिलिकॉन थापलं होतं. पेट्रोलमध्ये ते फुगून च्युइंगमसारखं निघालं.

आता वरची बाजू. कारब्युरेटर म्हणून बसला होता जीपचा सोलेक्स, मध्ये एक ॲल्युमिनियमची पट्टी घालून. आपल्याकडे ही सर्रास चालणारी युक्ती; जीपचा माल कुठेही मिळतो, म्हणून बंद पडलेल्या कुठल्याही पेट्रोल इंजिनावर जीपचा कारब्युरेटर. गंमत म्हणजे जीपच्या ज्या हरिकेन इंजिनासाठी तो असतो, त्याला वेगळं इनटेक मॅनिफोल्डच नसतं, ते हेडमध्येच ओतलेलं असतं. त्या कारब्युरेटरला आमच्या लांबलचक फाट्यावर बसवणं म्हणजे त्याच्या जेटांचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांचा, सगळा हिशेब चुकवणं.

हिशेब साधा आहे. घनइंच गुणिले फेरे, भागिले ३४५६, की मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते येतं. मग प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ऐंशी टक्के धरायचे. जीपचं १३४ घनइंच, ४००० फेऱ्यांना, साधारण १२५ घनफूट. आमचं २३५ घनइंच, ३४०० फेऱ्यांना, १८५ च्या आसपास. साठ घनफूट हवा आणायची कुठून? सपाटीला गरज पडत नाही म्हणून कळत नाही. चढाला कळतं.

शिवाय ती पट्टी. मामांनी माझं बोट धरून मॅनिफोल्डच्या भोकात घातलं. “लागली पायरी?” लागली. वरचं भोक लहान, खालचं मोठं आणि अंमळ सरकलेलं, त्यामुळे आत चांगली कड तयार झालेली. पेट्रोलचे थेंब तिथे अडकतात, साचतात, आणि इंजिन गार असताना सरळ खाली, मधल्या तोंडाशी टपकतात. तीन आणि चार नंबर काळे. एवढ्या दिवसांचं कोडं एका बोटाने सुटलं.

जुळतंय की नाही हे मामा ज्या क्रमाने बघतात तो मला फार आवडला, कारण नेटवरच्या याद्यांमध्ये नेमका उलटा क्रम असतो. याद्या आधी कारब्युरेटरचा नंबर सांगतात. मामा आधी मॅनिफोल्डच्या वरच्या तोंडाचा व्यास घेतात. मग दोन स्टडमधलं, म्हणजे कारब्युरेटर धरणाऱ्या बोल्टांमधलं, अंतर; एकनळी कारब्युरेटरमध्ये ते बहुधा २ ११/१६ इंच किंवा २ १५/१६ इंच असतं. फरक पाव इंचाचा, आणि या पाव इंचाने भल्याभल्यांना नादी लावलंय. कानस मारून भोक लांबोळकं केलं की कारब्युरेटर ‘बसतो’, पण पॅकिंगची कड उघडी पडून हवा मारायला लागतो. त्यानंतर निर्वाताची, म्हणजे व्हॅक्यूमची, भोकं: डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची, म्हणजे ठिणगी लवकर पाडायला लावणारी, नळी कारब्युरेटरमधून निघते की नाही, आणि दीड टनी ट्रकला ब्रेकच्या बूस्टरसाठी जाड नळी लागते ती मॅनिफोल्डवर आहे का. मोटारीचं मॅनिफोल्ड आणून लावलं तर ही जाड नळी लावायला जागाच नसते, आणि हे पहिल्या उतारावर कळतं. सगळ्यात शेवटी लिंकेज, म्हणजे ॲक्सिलरेटरची जोडणी. आपल्या गाड्या राइट हँड. ॲक्सिलरेटर उजवीकडे आणि या इंजिनाचा कारब्युरेटर डाव्या अंगाला. फायरवॉलवरून, म्हणजे केबिन आणि इंजिनामधल्या पत्र्यावरून, आडवा दांडा येतो. कारब्युरेटरचं सगळं जुळलं आणि लिव्हर उलट्या बाजूला निघाली की पुन्हा शून्यापासून.

माझ्या चुलतभावाकडेही शेवरलेटचाच छोटा पिकअप आहे. त्याने ऑनलाइन एक नवा कोरा कारब्युरेटर मागवला होता, रोचेस्टर या जुन्या अमेरिकन कारब्युरेटरची नक्कल. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, फक्त ‘२१६, २३५, २६१ सर्वांना बसतो’ एवढं छापलेलं. तो आम्ही मामांच्या टेबलावर ठेवला. स्टडांना बसला, हे कबूल केलं पाहिजे. मग मामांनी काचेवर ठेवून खालचं तोंड हलवलं, तर कोपऱ्यावर डुगडुगत होतं. ॲडव्हान्सच्या नळीचा आटा पाडलेला, पण भोक आतपर्यंत गेलंच नव्हतं. तार घातली तर दोन मिलिमीटरवर अडकली. जेटच्या तोंडाशी ओतकामाची कुसळं तशीच. ११ हजार रुपये. परत पाठवायचा तर खर्च आपला. आता तो मामांकडे खिळ्याला टांगलाय, नमुना म्हणून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. सगळ्याच नवीन नकला वाईट असतात असं मी म्हणणार नाही, पण ‘सर्वांना बसतो’ असं लिहिलेला माल दिसला की मी पुढे जातो.

मामांनी दोन मार्ग सुचवले. पहिला, २१६ चं मॅनिफोल्ड ठेवायचं, दोन व्यासांच्या मधली पायरीची रिंग लेथवर करून घ्यायची आणि वर त्याच काळातला कार्टर डब्ल्यू-१ कारब्युरेटर लावायचा. स्वस्त, पण मोठ्या इंजिनाचा गळा लहानच राहणार. दुसरा, २३५ चं ट्रकचं मॅनिफोल्ड शोधायचं आणि वर रोचेस्टर बी. शेवरलेटने १९५० पासून रोचेस्टर बी वापरायला घेतला, म्हणजे १९५५ च्या इंजिनाला तोच शोभतो. आम्ही दुसरा धरला. मॅनिफोल्ड कुर्ल्याच्या भंगारातून आलं, बूस्टरच्या नळीच्या भोकासकट, त्यात बोल्ट गंजून तुटलेला. रोचेस्टर मामांच्याच माळ्यावर होता.

इथे एक बारकावा, कारण अनेकजण यात फसतात. नुसता बी म्हणजे हाताने ओढायचा चोक (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप). बीसी म्हणजे आपोआप चालणारा चोक कारब्युरेटरवरच, आणि त्याला गरम हवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून नळीने आणावी लागते. बीव्ही म्हणजे चोकची स्प्रिंग कारब्युरेटरवर नसून मॅनिफोल्डवर. मोटारीचा बीसी ट्रकच्या मॅनिफोल्डवर ठेवला तर दिसायला छान दिसतो, पण त्या नळीला गरम हवा मिळणार कुठून? चोक अर्धवट बंदच राहतो आणि गाडी पेट्रोल पीत सुटते. रोचेस्टरच्या डोक्यावरच्या स्क्रूखाली पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर. बिल्ला असेल तर जपा. कारब्युरेटर खोलणारे पहिला तोच हरवतात.

रोचेस्टर बी ला अमेरिकन लोक शिव्या देतात, तेही अगदी विनाकारण नाही. त्याची पेट्रोलची वाटी गळ्याच्या भोवती गोल असते, त्यामुळे चढ-उतार-वळणावर पेट्रोलची पातळी बरी राहते, आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा), मेन जेट, पॉवर पिस्टन (जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारा) हे सगळं वरच्या झाकणालाच लटकलेलं असतं. पण झाकण आणि वाटी जस्ताच्या मिश्रधातूची, खालचा भाग बिडाचा. उष्णतेने आणि जोर लावून स्क्रू आवळल्याने झाकण वाकतं, मग पाझर सुरू. आमचंही वाकलेलं होतं. मामांनी ते गरम करून दोन जाड पट्ट्यांत दाबून ठेवलं, दुसऱ्या दिवशी काचेवर एमरी पेपर पसरून आठाच्या आकड्यात घासलं, उंचवटे दिसावेत म्हणून निळं लावून बघितलं, पुन्हा घासलं. मी समोर स्टुलावर बसून बघत होतो. निळा ठिपका सगळ्या कडेला सारखा उमटेपर्यंत त्या माणसाने मान वर केली नाही. मध्ये चहा आला तो गार झाला. थ्रॉटलच्या दांड्याची भोकं झिजून लंबगोल झाली होती, ती मोठी करून गनमेटलचे बुश घातले. वाटी आणि खालच्या भागामधलं पॅकिंग उलटं बसलं तर पॉवर पिस्टनची निर्वाताची वाट बंद होते आणि इंजिन कायम जाड मिश्रणावर चालतं. म्हणून तिथलं भोक त्यांनी तार घालून मला दाखवून मगच स्क्रू लावले.

मॅनिफोल्डचं काम भाच्याने केलं. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडून, सातही तोंडं एकाच पातळीत येतील असं एकत्र फेसिंग मारलं, म्हणजे मशीनवर सपाट केली. वेगवेगळं फेसिंग मारून मग जोडलं तर काही उपयोग नसतो. गाडीवर चढवताना मधले बोल्ट आधी नुसते टेकवायचे, हेडकडचे आवळायचे, आणि मग मधले. उलट केलं तर बीड तडकतं. जुन्या एक्झॉस्टच्या मध्यावर केसासारखी चीर असते ती यामुळेच. हीट रायझरची, म्हणजे एक्झॉस्टची उष्णता इनटेककडे वळवणारी, अडकलेली झडपही मोकळी केली. कोल्हापूरच्या मे महिन्यात ती गरम बाजूला अडकली तर वाटीतलं पेट्रोल उकळतं, म्हणून कारब्युरेटरखाली जाड बेकेलाइटची पट्टीही घातली. यावेळी तिचं भोक मॅनिफोल्डशी बरोबर जुळवून.

राहता राहिलं पेट्रोल. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. जुनी कॉर्कची पॅकिंग आणि रबर त्यात टिकत नाही. मामांनी फ्लोटची सुई व्हायटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) टोकाची घातली आणि कारब्युरेटरमधल्या पंपाला चामड्याची वाटी तेलात भिजवून. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणून जेट मोठा. रोचेस्टरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, हजारांश इंचात. ५६ काढून ५८ घातला. ऐकायला दोनच वाढले, पण भोकाचं क्षेत्रफळ सात टक्के वाढतं, आणि साधारण तेवढंच जास्त पेट्रोल या मिश्रणाला लागतं. मी जेटला ड्रिल मारून मोठा करता येईल का विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही.

शेवटी निर्वाताचा गेज. पुस्तकात समुद्रसपाटीला १८ ते २० इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं. दर हजार फूट उंचीला एक इंच वजा करायचा, म्हणजे कोल्हापुरात दोन इंच कमी. आधी आमचा काटा १२ वर थरथरत होता. आता १७ वर, हलत नाही. जोतिबाचा चढ मागे वाळूची पोती घालून तिसऱ्या गिअरवर चढला. भाचा शेजारी बसला होता. वर पोचल्यावर त्याने प्लग काढून बघितले, सहाही बदामी. मग दर्शनाला गेला.

आता तक्रारी. मामा फोन उचलत नाहीत. ‘बेस्तरवारी या’ म्हणतात तो गुरुवार कुठला हे विचारायचं राहून जातं. माझं काम दसऱ्याला मिळणार होतं, ते दिवाळी उलटून गेल्यावर मिळालं, आणि दरम्यान एका शूटिंगचं भाडं बुडालं. छापील बिल नाही, वहीतला कागद मिळतो, तोही मागितला तर. दुकानासमोर ट्रक उभा करायला जागा नाही; समोरचे लेथवाले ओरडतात आणि त्यांचं बरोबर आहे.

दर: कारब्युरेटर पूर्ण ओव्हरहॉल, बुशसकट, साडेसहा हजार. फेसिंग बाराशे. रिंगा आणि स्टड चौदाशे. मुंबईहून आलेलं मॅनिफोल्ड नऊ हजार, ते मामांचं नाही, आणणाऱ्याचं. काढलेला प्रत्येक जुना तुकडा पिशवीत बांधून परत मिळाला, जीपच्या सोलेक्ससकट. तो आता विकायचा आहे. जीपवाल्यांनी विचारावं, बाकीच्यांनी नको.

जाणाऱ्यांनी एवढं करा: मॅनिफोल्ड सोडवूनच न्या, रिंगा हरवू नका, हेडच्या खळग्याचं आणि वरच्या तोंडाचं माप आधी घेऊन ठेवा. आणि कारब्युरेटरमधलं पेट्रोल घरीच ओतून टाका. मामांच्या भिंतीपलीकडे वेल्डिंगचं दुकान आहे.